केसपेपर काढून आणा

सुशीला सिस्टरचं नाव निघालं की आजही माझ्या पोटात दुखतं. मी निवृत्त झाले, गुडघे कुरकुरायला लागले, चष्म्याचा नंबर वाढला. या वयात माणसं जुने हेवेदावे विसरतात म्हणे. मी विसरलेले नाही. दिवाळी अंकासाठी 'नोकरीतलं काहीतरी लिहा' असा निरोप आला तेव्हा सगळ्यात आधी आठवली ती तीच, आणि तीच आठवली म्हणून पुन्हा राग आला.

आधी काम काय होतं ते सांगते. धुळ्यातल्या एका मोठ्या दवाखान्यात मी अपघात विभागात नर्स होते. दवाखान्याचं नाव सांगत नाही, उगाच कोणाला वाटायला नको. अपघात विभाग म्हटलं की लोकांना हायवेवरचे ट्रक आठवतात. ते यायचेच. पण रोज येणाऱ्यांत म्हातारी माणसं जास्त. तरुण माणूस एक दुखणं घेऊन येतो आणि ते ओरडून सांगतो. म्हातारं माणूस एक दुखणं सांगतं आणि चार झाकून ठेवतं. काहींना तर हार्ट अटॅक येऊनही छातीत कळ येत नाही, 'जराखं घाबरं वाटी ऱ्हायनं' एवढंच सांगतात. न्यूमोनिया झालेला असतो, अंगात ताप नसतो, फक्त कालपासून आजी सुनेला भलत्याच नावाने हाक मारत असते. म्हणून म्हातारा पेशंट आला की नाडी, बीपी, साखर झाल्यावर आमचं खरं काम सुरू व्हायचं. हे माणूस गेल्या आठवड्यात घरी कसं होतं? आपलं आपण उठत होतं का? संडासला एकटं जात होतं का? कुठे पडलं होतं का? काय खातं, कुठल्या गोळ्या घेतं, डोकं ठिकाणावर आहे का, दिवसभर सोबतीला कोण असतं?

हे ऐकायला सोपं वाटतं. पण आमच्याकडे खेड्यातल्या म्हाताऱ्याला 'कसं काय, आबा?' विचारलं की उत्तर ठरलेलं: 'बठ्ठं बरं शे', म्हणजे सगळं ठीक. जेवलात का? 'जेवनू ना.' मुलगा समोर उभा असताना 'मला जेवण जात नाही' म्हणायचं म्हणजे घराची अब्रू चारचौघांत काढायची. पाहुणीला जी उत्तरं द्यायची तीच ते आम्हाला देत. आम्ही आपल्या पांढऱ्या कपड्यातल्या पाहुण्या.

यावर मी एक युक्ती काढली होती. माझी स्वतःची, कुठल्या पुस्तकातली नाही.

शिरपूरकडच्या एका आबांना आणलं होतं. घामाने निथळत होते, बोलणं बोबडं झालेलं. साखर तपासली तर पार खाली गेलेली. शिरेतून साखर दिली तसे आबा डोळे उघडून 'आठे कसाले आनं माले?', मला इथे कशाला आणलं, म्हणून मुलावरच रागावले. डॉक्टर खूश झाले. पण साखर उतरली कशाने, हा प्रश्न उरलाच. मुलगा छाती पुढे काढून सांगत होता, "गोळ्या टायमावर देतो, मॅडम. जेवण एकदम व्यवस्थित." आबा मान डोलवत होते. मागे सून उभी होती, पदर नाकापर्यंत ओढलेला. सासऱ्यासमोर ती तोंड उघडणार नव्हती. आता बघा, त्या घरात आबांचं ताट वाढणारी ती, उचलणारी ती, अंथरूण झटकणारी ती. ज्याला काही ठाऊक नाही तो बोलत होता, आणि जिला सगळं ठाऊक तिला बोलायची सोय नव्हती.

मी मुलाला म्हटलं, "भाऊ, जरा केसपेपर काढून आणा."

"हा काय, काढलाय ना."

"हा नाही. दुसरा."

बिचारा गेला. केसपेपरच्या खिडकीपुढची रांग म्हणजे निवांत प्रकरण. मी आबांच्या कॉटभोवतीचा पडदा ओढला, सुनेला पडद्याबाहेर स्टुलावर बसवलं आणि म्हटलं, "बोल आता, बाई." तिने पदर वर घेतला आणि घडाघडा बोलली. "नवी कवळी टोचस त्यासले. भाकर चावताच येस नही. आम्हनी नजर चुकाडीन कुत्राले टाकी देतस. गोळी मातर रोज घेतस." झालं. पोटात भाकरी नाही आणि वर साखरेची गोळी. नुसती साखर देऊन घरी पाठवलं असतं तर दोन दिवसांनी पुन्हा तेच झालं असतं.

तेव्हापासून हा प्रकार 'प्रमिला सिस्टरचा केसपेपर' म्हणून आमच्या विभागात प्रसिद्ध झाला. नवे डॉक्टरसुद्धा डोळ्यांनी खूण करायचे, सिस्टर, जरा केसपेपर. मला त्याचा अभिमान होता. खोटं कशाला बोलू, गर्वच होता.

आणि मग जळगावहून बदली होऊन सुशीला आली.

ती मूळची साक्रीकडची. आवाज असा की एक्सरेच्या खोलीपर्यंत जायचा. केस कायम सुटलेले, खिशात बडीशेप, आणि पेशंटच्या कॉटवर सरळ मांडी घालून बसायची. कॉटवर बसायचं नाही हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवलेलं असतं. मी तिला ते सांगितलंही. ती म्हणाली, "ताई, उभ्या माणसाशी कोण मनातलं बोलतं?" आणि पुन्हा बसली.

बसली की तिचा पहिला प्रश्न: "आक्का, तुम्हनं माहेर कोठलं?" म्हातारी गावाचं नाव सांगायची. मग सुशीला दोन्ही हात गालाला लावून म्हणायची, "काय सांगतस! मी ते तठली भाची!" गाव कुठलंही असो. जामनेरच्या बाईला ती जामनेरची भाची, चोपड्याच्या बाईला चोपड्याची. सगळ्या खानदेशाची ती एकटीच भाची होती. आणि त्या बायका तिला सगळं सांगायच्या. कुठे दुखतं, कुठे गळतं, कोण बोलतं, कोण बोलत नाही. मला सुनांना पडद्याआड न्यावं लागायचं. हिला म्हाताऱ्या स्वतःच सांगत होत्या, मुलासमोर, कधी कधी मुलाबद्दलच.

स्मरणशक्ती तपासायला आम्हाला शिकवलेले प्रश्न ठरलेले होते. आज वार कोणता, साल कोणतं, पंतप्रधान कोण. सुशीला शेवभाजीचा मसाला विचारायची. कांदा आधी भाजायचा की खोबरं, मिरची कधी घालायची, रस्सा किती उकळायचा. जन्मभर चुलीपुढे बसलेली बाई मध्येच अडखळली, मागेपुढे सांगायला लागली, की सुशीला डॉक्टरांकडे बघायची. एका मारवाडी शेठाणीने तर तिला पापडाच्या पिठाचं सगळं गणित सांगितलं आणि घरी गेल्यावर डबाभर पापड पाठवले. डबा माझ्या टेबलावर ठेवून आणणारा माणूस विचारतो, "भाची सिस्टर कोण?" त्या पापडांतला एकही मी खाल्ला नाही. वास चांगला येत होता.

वर तिला लिहायचा कंटाळा. गप्पा तिच्या, आणि 'पेशंट आठवड्यात दोनदा पडला, लघवीवर ताबा नाही' हे लिहायचं मी. माझं अक्षर चांगलं, म्हणून तेही माझ्याच वाट्याला.

ती एक दिवस उघडी पडणार याची मी वाट बघत होते, आणि तो दिवस आलाच. शेजारशेजारच्या कॉटवर दोन म्हाताऱ्या होत्या, एक पिंपळनेरची, एक पारोळ्याची. दोघींना सलाईन लागलेलं, वेळ जात नव्हता. पिंपळनेरची म्हणाली, "सुशीला ना? ती ते आम्हना गावनी भाची शे." पारोळ्याची उठून बसली. "काय सांगस! ती आम्हना पारोळानी शे." मी औषधांचा ट्रे हातात घेऊन तिथेच थांबले. असा सोहळा चुकवायचा नव्हता. दोघी थोडा वेळ विचारात पडल्या. मग पिंपळनेरची हळूच म्हणाली, "मायबाप धाकलपणमाच मरी गयात व्हतीन. दोन्ही मामासनी वाढाई पोरले." लहानपणीच पोरकी झालेल्या, दोन गावच्या मामांनी वाढवलेल्या त्या पोरीसाठी पारोळ्याच्या बाईने डोळ्याला पदर लावला. संध्याकाळी दोघींनी घरून आलेले डिंकाचे लाडू सुशीलाला दिले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मी तिला गाठून म्हटलं, "पेशंटशी धादांत खोटं बोलतेस तू."

लाडू खाता खाता ती म्हणाली, "खोटं कुठे, ताई? खानदेशात शोधलं तर कोण कोणाचं लागत नाही?"

मला असं नाही जमायचं. मी पेशंटशी कधी खोटं बोलले नाही. दुसऱ्या केसपेपरचं सोडून.

आता आईचं सांगते.

माझं माहेर सावद्याचं, घर केळीवाल्यांचं. वडील गेल्यावर आई माझ्या भावाकडे राहायची. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तिला धुळ्याला आणलं आणि मीच ठेवून घेतलं. मला वाटलं, माझ्याइतकं तिच्याकडे कोण बघणार? हृदयाचे ठोके मागेपुढे पडतात म्हणून तिला रक्त पातळ करायची गोळी चालू होती. ती मी रोज हाताने द्यायचे. डोळ्यात थेंब मी घालायचे. दोन भाकऱ्या वाढायचे. मैत्रिणींना सांगायचे, आई माझ्याकडे अगदी मजेत आहे.

एका रविवारी, माझ्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी तिने मला माझ्या मावशीच्या नावाने हाक मारली. मला वाटलं, झोपेत असेल. दुपारी ती बसल्या जागी पेंगायला लागली, हातातला घास हातातच राहिला. मी रिक्षा बोलावली आणि तिला आमच्याच दवाखान्यात नेलं. ड्यूटीवर कोण असेल? सुशीला.

डॉक्टर नवे, तरुण होते. त्यांनी विचारलं, "जेवण?" मी म्हटलं, "व्यवस्थित, दोन भाकऱ्या." "पाणी?" "पिते." "संडास, लघवी?" "आपली आपण जाते." "आधी कुठे पडल्या होत्या का?" "नाही," मी त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत सांगितलं. त्यांनी वाकून आईला विचारलं, "आजी, पडला होतात का?" आई पेंगत पेंगत म्हणाली, "नाही व बापा. चांगली हाये मी."

डॉक्टर म्हणाले, ऊन फार आहे, अंगातलं पाणी कमी झालं असेल, लघवीला जंतुसंसर्गही असेल. रक्त, लघवी तपासू आणि सलाईन लावू. मला बरं वाटलं. सलाईन म्हणजे आमचं घरचंच काम.

सुशीला कॉटच्या पलीकडे उभी होती. ती आईकडे बघत होती, मग माझ्याकडे बघायला लागली. आणि म्हणाली, "ताई, जरा केसपेपर काढून आणता?"

केसपेपर माझ्या हातात होता. मी तो वर करून दाखवला.

"हा नाही," ती म्हणाली. "दुसरा."

आवाज मोठा नव्हता, पण माझ्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. आजवर किती मुलांना, किती जावयांना मी त्या दारातून बाहेर काढलं होतं. त्यांच्यातल्या एकालाही कळलं नव्हतं आपल्याला का पाठवलं. मला कळत होतं. मी ज्यांच्याविरुद्ध ती युक्ती काढली, त्यांच्यात ती मला बसवत होती. मी, जी आईच्या डोळ्यात थेंब घालते. भांडावंसं वाटलं. पण आई कॉटवर होती, डॉक्टर बघत होते, आणि युक्ती माझीच होती. मी गेले.

रांगेत उभी राहिले. खिडकीतला ओळखीचा भाऊ मान बाहेर काढून म्हणाला, "सिस्टर, तुम्ही रांगेत कशाला? काय पाहिजे?" मी म्हटलं, "काही नाही." तो गोंधळून बघत राहिला. मी उभीच राहिले. आत त्या बाईला माझी आई काहीतरी सांगत असणार आणि ते मला ठाऊक नाही, या विचाराने माझा जीव वरखाली होत होता. आईच्या तब्येतीची काळजी होतीच. पण त्या घडीला काळजीपेक्षा मत्सर मोठा होता, हे मी लपवत नाही.

परत आले तेव्हा पडदा ओढलेला होता. आतून आईचा आवाज आला, अडखळत, पण लाडात आलेला. "आमच्या गल्लीतली का तू? मंग आधी सांगाचं ना, बाई." म्हणजे साक्रीची सुशीला आता सावद्याची झाली होती, आणि तीही आमच्या गल्लीतली.

ती बाहेर आली तेव्हा मात्र हसत नव्हती. माझ्याकडे न बघता डॉक्टरांना म्हणाली, "आक्का मागे एकदा रात्री पडल्यात. डोकं भिंतीवर आपटलंय. मागे हात लावून बघा, अजून दुखतं. आणि रक्त पातळ करायची गोळी चालू आहे."

डॉक्टरांचा चेहरा बदलला. तातडीने आईला डोक्याच्या सीटी स्कॅनला नेलं. कवटीच्या आत रक्त साचलं होतं, हळूहळू झिरपत, इतके दिवस. म्हणून मावशीच्या नावाने हाक, म्हणून पेंगणं. नुसत्या सलाईनवर ठेवलं असतं तर काय झालं असतं ते मला कोणी समजावायची गरज नव्हती. ती गोळी थांबवली, मेंदूच्या डॉक्टरांनी छोटं छिद्र पाडून रक्त काढलं. दुसऱ्या दिवशी आईने मला माझ्या नावाने हाक मारली.

मी सुशीलाचे दोन्ही हात धरले. मनापासून धरले. आणि धरल्या धरल्या विचारलं, "रात्री कशी पडली? कशाला उठली होती? मला का नाही सांगितलं?"

ती म्हणाली, "डॉक्टरांना लागत होतं तेवढं मी सांगितलं. बाकीचं तुम्हाला सांगू नको म्हणून आक्कांनी शप्पथ घातलीये."

"अगं, मुलगी आहे मी तिची!"

"म्हणूनच तर," ती म्हणाली, आणि पुढच्या पेशंटच्या कॉटवर जाऊन बसली.

मी तिचे हात उगाच धरले असं वाटलं.

वॉर्डात आई रोज विचारायची, "सुशीला नाही आली आज?" सुशीला आली की दोघींचं गुळपीठ. मी आले की, "बरी हाये मी, जा तू कामाले." घरी आणल्यावर तेच. मी पाण्याचा ग्लास भरून ठेवायचे, दुपारी तो रिकामा दिसायचा, आणि तुळशीच्या कुंडीतली माती मात्र सकाळी घातलेल्या पाण्यापेक्षा जास्त ओली असायची. 'पाणी प्यायलीस?' 'पेली ना.' बाई पाणी पीत नव्हती, रात्री उठत होती, आणि कशासाठी ते सांगत नव्हती. पुन्हा पडली तर पुन्हा तेच, आणि दर वेळी नशीब साथ देत नाही. मी रागावून पाहिलं, समजावून पाहिलं, रडूनही पाहिलं. 'बरी हाये मी, व माय.'

शेवटी एका दुपारी नाक मुठीत धरून ठरवलं. मिस्टर बाहेर गेले होते. मी हात पुसले आणि आईच्या कॉटवर मांडी घालून बसले. आयुष्यात पहिल्यांदा. सावद्याच्या बोलीत 'ळ' ओठावर येत नाही, तिचा 'य' होतो. ती बोली आमच्या दोघींची. पण मी ती बाजूला ठेवली आणि धुळ्याकडच्या परक्या बाईसारखं विचारलं, "आक्का, तुम्हनं माहेर कोठलं?"

आई माझ्याकडे बघत राहिली. मग तिच्या ओठाचा एक कोपरा जरासा हलला.

"माहेर फैजपूर," ती म्हणाली. "दिली सावद्याले. तुम्ही कुठल्या?"

"मी बी फैजपूरनी."

"व्हय का? बरं झालं, बाई. बसा."

"लेकरं किती, आक्का?"

"एक पोरगा, एक पोरगी. पोरगी इथंच, धुयाले नर्स हाये. लय हुशार."

"मग ती देखस नही का तुम्हले?"

"पाहते ना. लय पाहते." आईने लुगड्याचा काठ बोटांत धरला आणि त्याच्याकडे बघत बोलायला लागली. "पन बाई, मले आता धरवत नाही. मोरीपर्यंत जावा लागते, तवरोक लुगडं खराब होते. मंग मी पानीच नाही पेत. रात्री तिले जाग नको म्हनून अंधारात पयत गेली, तवाच पडली."

"मग सांगानं ना लेकले."

"कसं सांगू?" आई म्हणाली. "दिवसभर लोकायचं हागनं-मुतनं काढून येते माही पोरगी. घरी येऊन तिनं माहं बी काढावं का?"

परकी बाई कशाला रडेल? मी रडले असते तर मी पुन्हा मुलगी झाले असते, आणि आई लगेच बरी झाली असती. मी घसा खाकरला.

"तिले नका सांगू हं, बाई," आई म्हणाली.

"नही सांगणार," मी म्हटलं. "पण आक्का, दवाखानामा एक खुर्ची भेटस, मधमा भांडं ऱ्हास. कॉटजोडे ठेवानी. अंधारमा कोठे जावाले नको. आणि या दुखनावर गोळी बी शे. खुर्ची मी परभारे धाडी देसू. तुम्हनी लेकले काय समजाव नही."

आईने मान हलवली. मी पाण्याचा ग्लास पुढे केला. तिने तो दोन्ही हातांनी धरला आणि माझ्या डोळ्यांदेखत, घोट घोट करत, सगळा संपवला. पदराने तोंड पुसलं.

"चांगलं इचारता व बाई तुम्ही," ती म्हणाली. मग रिकामा ग्लास माझ्या हातात देताना थोडा विचार करून म्हणाली, "पन सुशीलासारखं नाही."

"सुशीला कोन?" मी विचारलं.

"हाये एक," आई म्हणाली. "माह्या बहिनीची पोरगी."